तारामतीचा अझोला

१२ जानेवारी
माहूरच्या आईच्या कृपेने, दुसरेपणावर का होईना, घर चांगलं मिळालं. देगलूरपासून दोन कोसांवर शेत, तीन म्हशी. गोठ्यामागे लिंबाच्या सावलीत ह्यांनी स्वतः खणलेला अझोल्याचा खड्डा आहे. तळाला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर चाळलेली माती, शेणकाला, वीतभर पाणी. वर हे बारीक हिरवं पान तरंगत आपोआप वाढतं. चाळणीनं काढायचं, वास जाईस्तोवर धुवायचं, सरकीच्या ढेपेत कालवून म्हशींना घालायचं. ढेप निम्मी वाचते. मला हे फार आवडलं. हे म्हणाले, पहिली, तारामती, दसऱ्याला पळून गेली, तिचं नाव घरात काढायचं नाही. माहेरी इस्लापूरला माझ्या नावावर असलेल्या दोन एकरांची मात्र आस्थेनं चौकशी केली.

२० जानेवारी
पाटीभर काढलं तरी दुसऱ्या दिवशी खड्डा गच्च. शेजारच्या खातूनबींनी लावायला थोडं नेलं, त्यांच्याकडे जगेना. म्हणाल्या, काय खाऊ घालून राहिली गे याला, आमाला बी सांग की. दोघी हसलो.

१ फेब्रुवारी
सासूबाईंनी चांदीचा टाक आणला, बाईची आकृती ठोकलेला छोटा पत्रा. सवतीचा हाय, गळ्यात बांध, तरास होत न्हाई म्हणाल्या. हात जोडून बांधला. भाकरी थापताना हात थांबला. सवतीचा टाक मेलेल्या सवतीचा असतो. पळून गेलेलीचा कुणी बांधत नाही.

४ फेब्रुवारी
महिन्यानं खड्ड्यातली थोडी माती बदलावी लागते. फावडं घेतलं तर ह्यांनी हिसकावलं. उकरायचं न्हाई, वरचं वरचं काढ म्हणाले. मग विचारलं, इस्लापूरच्या कागदावर सही कधी करतीस. अझोला लाल पडलाय. कडक उन्हात पडतो तसा, सावलीत असून.

७ फेब्रुवारी
ह्यांच्या पायाच्या बोटांत अझोला. अंघोळ केली तरी निघेना, मुळं कातडीत गेलीत. दुपारी कानातून काढला. माझ्या हाताला एक पान चिकटत नाही.

९ फेब्रुवारी
सासूबाई खोकल्या, पदरावर हिरवं. मग आपणच बोलल्या. तारामती तिच्या माहेरच्या शेतावर सही करीना. त्यानं तोंड दाबलं, म्या पाय धरले. गोठ्यामागं पुरली, वर हा खड्डा केला — कागदाखाली ती.
देवापुढे दिवा लावला. कुणासाठी लावला, मलाच —

११ फेब्रुवारी, दुपार
हे खड्ड्यात पडले. वीतभर पाणी, तरी उठता येईना. मला हाका मारताहेत. मी हात घातला तर अझोला बाजूला होईल, माहीत आहे. माझी सही अजून बाकी आहे, तेही माहीत आहे.
उठले नाही.
हाक बारीक — आता सासूबाई निघाल्या तिकडे, अनवाणी, कुणी मनगट धरून नेल्यासारख्या. म्हातारी आहे, तिला तरी — ओरडायला तोंड उघडलं, तर जिभेवर काहीतरी कोवळं —