कुकर दुरुस्तीचे दुकान भाच्याच्या नावे करीत आहे, त्याबद्दल

मी, कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त करणारा, वय बहात्तर, आज चहा पिऊन, डोके ठिकाणावर ठेवून आणि स्वतःच्या हाताने हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालून उपयोगही नाही. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, त्यामुळे निम्म्या धमक्या वाया जातात. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात 'मनःस्थिती उत्तम' असे म्हटले आहे. ते वाचून माझी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, डॉक्टरांनी तुला उभ्या उभ्याच पाहिलेलं दिसतंय."

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण रद्दीतून झाले. कुकरच्या रिंगा गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रे आणायचो आणि गुंडाळण्याआधी वाचायचो. बऱ्याच बातम्यांचा शेवट गिऱ्हाइके घेऊन गेली. माझी मते कुठे अर्धवट वाटली तर ते कारण समजावे.

याआधी वकिलांकडून एक मृत्युपत्र करून घेतले होते, ते रद्द. त्यात मी आधीच गेल्यासारखा वाटत होतो.

कलम एक : घर

दुकानावरचे राहते घर मुलगा आणि मुलगी या दोघांना निम्मे निम्मे. मधे भिंत घालायची झालीच तर आधी दोघांनी एका ताटात जेवावे, मग गवंड्याला बोलवावे. बहीण मागच्या खोलीत हयातभर राहील. तिला 'आत्याची अडचण होते' असे जो म्हणेल त्याने आधी तिच्याशी अर्धा तास वाद घालून दाखवावा. जिंकला तर बघू.

कलम दोन : बँक

बँकेत जे काही असेल ते बहिणीला. ती म्हणते, "त्यात काय असणार?" असेल ते तिचे. नसेल तेही तिचेच.

कलम तीन : दुकान

रस्त्याकडची खोली, मागचे अंगण, अंगणातला वाळूच्या गोण्यांनी वेढलेला खड्डा, पाने, पकडी, शेगडी, दुरुस्तीला आलेली भांडी, आणि दुरुस्त होऊन वर्षानुवर्षे कोणी न नेलेली भांडी, हे सगळे मी माझ्या भाच्याला देत आहे. भाचा म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. हे नाते मी मुद्दाम लिहिले आहे. ते गाळा, असा सल्ला मुलाने दिला, वकिलांनी दिला, आणि न विचारता किराणावाल्यानेही दिला. तिघांचे आभार. वाक्य आहे तिथेच राहील.

याचे कारण कळायला मागचे थोडे सांगावे लागेल. मृत्युपत्रात गोष्ट सांगत नाहीत, असे वकील म्हणतात. त्यांनी त्यांच्या मृत्युपत्रात सांगू नये.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. कुकरच्या झाकणाला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफ फार कोंडली की तो सुटतो आणि माणसाचे तोंड वाचते. काही बायका, आणि त्याहून जास्त त्यांचे हुशार नवरे, नवा व्हॉल्व्ह घ्यायच्या कंटाळ्याने तिथे पत्र्याचा तुकडा ठोकतात. असे झाकण आले की मी उपदेश करीत बसत नाही. भंगारातला एक कुकर खड्ड्यात चढवतो, गिऱ्हाइकाला गोण्यांच्या मागे लांब उभे करतो आणि डोळ्यांदेखत फुटू देतो. माणूस पांढराफटक होऊन घरी जातो. पुन्हा जन्मात पत्रा ठोकत नाही. ही रीत माझी, आणि मला तिचा अजून अभिमान आहे. भाचा नव्या जमान्याचा. तो म्हणाला, "मामा, प्रत्येकाला अंगणात कशाला आणायचं? व्हिडिओ काढून पाठवतो."

त्याने पाठवला. गिऱ्हाइकांनी पुढे पाठवला. गिऱ्हाइकांच्या नणंदांनी आणखी पुढे.

त्याच वर्षी भांडी बाजारात कोणीतरी पिशवीत ठेवलेला कुकर फुटला. त्यात खिळे भरले होते. माणसे गेली. समोरच्या शिंप्याची बायको गेली. ती झाकणाची मूठ बदलायला माझ्याकडेच यायची, त्या दिवशी नवा घ्यायला म्हणून गेली होती. मी रिंगा आणायला गेलो होतो. माझा कान गेला. एवढ्यावर सुटलो, म्हणून आजही कानाबद्दल कुरकुर करायची लाज वाटते.

इस्पितळात पलंगाशी एक पोलीस साहेब आले. म्हणाले, "तुमच्यावर हल्ला झाला, फार वाईट झालं. तो तुमच्या भाच्याने केला." सांत्वन आणि समन्स मी एका दमात पहिल्यांदाच ऐकले, तेही उजव्या कानाने.

कायदा नवा आणि कडक होता. माणूस आधी आत घ्यायचा, का घेतला ते सावकाश शोधायचे, आणि सापडेपर्यंत जामीन मागायचा नाही. वर्षभरात खरे दोघे सापडले. तेही कायद्याच्या कडकपणामुळे नव्हे. त्यांना खोली भाड्याने देणाऱ्या म्हातारीने 'हे लोक भिंतीला खिळे ठोकत नाहीत, मग एवढे खिळे आणतात कशाला' म्हणून चौकीत जाऊन डोके खाल्ले. तरी भाचा आतच. का? तर तो त्या दोघांचा शिक्षक असणार. त्या दोघांनी भाच्याला कधी पाहिले नव्हते. म्हणजे, सरकारी वकील म्हणाले, शिक्षण पत्राने झाले असणार.

पुरावा म्हणजे तो व्हिडिओ. कोर्टात तो बिनआवाजाचा दाखवत. भाचा, खड्डा, कुकर, धडाड. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तिसऱ्या वर्षी नव्या न्यायाधीशबाई आल्या. त्या म्हणाल्या, "हा माणूस तोंड हलवतोय. काय बोलतोय?" आवाज लावला. भाचा म्हणत होता, "काकू, बघितलंत ना? पत्रा ठोकू नका, जीव जाईल. व्हॉल्व्ह घ्या, आणि पावती जपून ठेवा." न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. मी हसलो, म्हणून मला बाहेर काढले. निकाल मी व्हरांड्यात ऐकला. निर्दोष.

आता हा निर्दोष माणूस खोली बघायला जातो, तेव्हा घरमालक म्हणतो, "निर्दोष आहात, मान्य. पण कशातून निर्दोष, असं शेजाऱ्यांनी विचारलं तर मी काय सांगू?" कामाला कोणी ठेवत नाही. दुकानात तो गल्ल्यावर बसला की गिऱ्हाईक दारातून विचारते, "मामा नाहीत का?" मी गेल्यावर मामा कायमचेच नसणार. तेव्हा पाटी, परवाना आणि दार त्याच्या स्वतःच्या नावावर नसेल, तर त्याला या रस्त्यावर उभे राहायला वीतभर जागा नाही. वकील म्हणाले, "सरकार अजून अपिलात जाऊ शकतं. दुकानावर जप्ती येईल. बहिणीच्या नावावर करा, आणि ह्याला नोकर दाखवा." बहीण आतून ओरडली, "माझ्या पोराला माझाच नोकर करतोस का रे?" तिथेच तो सल्ला संपला. जप्ती यायची तर येऊ दे. पण भाच्याची म्हणून येऊ दे.

कलम चार : मुलाच्या कार्यालयात दाखवण्यासाठी

माझा मुलगा सरकारी कचेरीत आहे. बढतीच्या अर्जात रकाना आहे : 'नातेवाइकांपैकी कोणावर सदर कायद्याखाली कारवाई झाली आहे काय?' तो मागच्या महिन्यात आला, चप्पलही काढली नाही.

"बाबा, एवढंच लिहून द्या, की तो आपल्याकडे पगारी माणूस होता."

"पगारी माणसाला मामा म्हणायची पद्धत कधी सुरू झाली?"

"तुमचं काय जातंय? माझी पंधरा वर्षांची नोकरी आहे!"

"त्याची तीन वर्षं गेली आहेत. ती मोजलीस का?"

"मी टाकलं का त्याला आत?"

खरे होते. त्याने टाकले नव्हते. लहानपणी दोघे एका पांघरुणात झोपायचे, आणि ते कोण ओढते यावरून मी दोघांनाही झोडले आहे. त्यालाही आतून दुखते, म्हणूनच तो एवढ्या मोठ्याने बोलला, हे बापाला कळते. म्हणून या कलमाची वेगळी प्रत काढून त्याच्या साहेबांना द्यावी : सदर मुलाने या मृत्युपत्राला कडाडून विरोध केला होता. बाप हट्टी होता. बापाने जुमानले नाही. यात मुलाचा काडीचा दोष नाही. खाली माझी सही आहे.

घरातला हिस्सा त्याला पुरता मिळेल. रागावलो आहे, पण आंधळा झालेलो नाही. एकच अवयव गेला आहे.

कलम पाच : स्टूल आणि इतर उधारी

भाचा आत असताना नगर सभागृहात जाहीर चर्चा झाली होती : 'दहशतवादाची कारणे आणि कडक कायदा'. दोन्ही बाजूंनी मला बोलावले. दारातल्या स्वयंसेविकेने विचारले, "काका, तुम्ही पीडितांचे नातेवाईक की आरोपींचे? बसायची सोय वेगळी आहे."

मी म्हटले, "पीडित मीच. आणि आरोपीचा मामाही मीच."

ती बिचारी आत विचारून आली. "एकच निवडा म्हणतायत."

मला निवडता येईना. मग मी घरून आणलेले स्टूल मधल्या वाटेत टाकले. तर सुरक्षेसाठी वाट मोकळी ठेवायची म्हणून उठवले. संपूर्ण चर्चा मी दारात उभ्याने ऐकली. ते स्टूल सभागृहाला भेट द्यावे. माझ्यासारखा पुन्हा कोणी आला तर त्याला उपयोगी पडेल.

व्यासपीठावर माझा जावई होता. टीव्ही बघून बघून त्याचा आवाज तसाच झाला आहे. तो म्हणाला, "कारणं शोधणं म्हणजे त्यांना सबबी देणं!" जावईबापूंना माझा चांगला स्टोव्ह द्यावा. त्यांचा पेटत नसला की ते कारणच शोधत माझ्याकडे येतात.

दुसऱ्या बाजूला प्राध्यापक होते. ते म्हणाले, समाज हा कुकर आहे, वाफ कोंडली की स्फोट होतो. तेव्हा मी दारातून ओरडलो, "साहेब, कुकरात खिळे आपोआप पडत नाहीत! कोणीतरी मोजून घालतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला वाटले, जिंकलो. चर्चा संपल्यावर प्राध्यापक मला गाठून म्हणाले, "खिळे घालणाऱ्याला जबाबदार धरायचंच. पण तो घालायला का बसला, हे विचारलं नाही तर पुढचा सापडणार कसा?" मी म्हटले, "सापडलेल्या दोघांतला एक तर चांगल्या खात्यापित्या घरचा निघाला. त्याचा कोणी अपमान केला होता?" ते म्हणाले, "अपमान उसनाही घेता येतो, मामा." माझ्या रद्दीचा गठ्ठा त्यांना द्यावा. मला न सापडलेले शेवट त्यांना सापडतील.

माझे मत कोणी विचारलेले नाही, म्हणून इथे फुकट देतो. स्फोट करणाऱ्याला धरा, आयुष्यभर कोंडून ठेवा, मला त्याची दया नाही. पण धरल्यावर लवकर विचारा, आणि तो बोलतो तेव्हा आवाज लावा.

टीव्हीवाला वार्ताहर दुकानातून एक झाकण 'दोन मिनिटं दाखवायला' म्हणून घेऊन गेला, तो अजून दाखवतोच आहे. खालचे भांडे माझ्याकडे आहे. तेही त्याच्याकडे पोचवावे. निदान आता तरी त्याच्याकडे पूर्ण वस्तू असू दे.

कलम सहा : मी गेल्यावर

भाषणे नकोत. मला कोणत्याही बाजूने हुतात्मा करू नये. दोन मिनिटे शांतता पाळायची असल्यास, माझा एकच कान चालत होता, एक मिनिट पुरे. मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. ती कोणाचे ऐकत नाही, आणि या कामाला तेच हवे.

साक्षीदारांविषयी

इथे दोन सह्या लागतात. वारसाची चालत नाही. मी किराणावाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "चष्मा घरी राहिला." चष्मा नाकावर होता. फोटोवाला म्हणाला, "माझी सही बदलतोय सध्या. नवी बसली की येतो." कलम तीन वाचून एकाने कागद असा परत केला, जणू तोच फुटणार आहे.

प्राध्यापक आले; रद्दी मिळाल्याने कोणी वारस होत नाही, असे वकील म्हणाले. एक परिच्छेद घालू का म्हणाले, मी नको म्हटले, त्यांनी सही केली. दुसरी जागा आठवडाभर रिकामी राहिली. बहीण म्हणाली, "दादा, लिही बाबा नोकर. पोराला दुकान मिळू दे, मी नातं घरात सांभाळीन." तेव्हा पहिल्यांदा मी ते वाक्य खोडायला पेन उघडले.

आज दुपारी शिंपी रस्ता ओलांडून आला. त्या सभेत पहिल्या रांगेतून 'ह्याच्या भाच्याला फाशी द्या' म्हणाला होता तो हाच. त्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. भाचा गल्ल्यावरून उठून उभा राहिला. शिंप्याने त्याच्याकडे पाहिले नाही.

"सही कोणी देत नाही म्हणे."

"नाही."

"कायदा कडकच पाहिजे. मी त्यातला शब्द मागे घेणार नाही."

"घेऊ नकोस."

"माझी बायको गेली. मला कोणीतरी हवा होता. त्यांनी हा दिला. मी घेतला." कागद हातात घेत म्हणाला, "तीन वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या. त्या खऱ्यांच्या वाट्याच्या होत्या. वाया गेल्या."

त्याने कलम तीन स्वतः वाचले. बोट ठेवून, कापड मापतात तसे. मग म्हणाला, "पेन दे." आणि भाच्याकडे न बघताच, "उभा काय राहिलास? बस. दुकान तुझं आहे."

मृत्युपत्र करणार : कुकरवाला, सही.

साक्षीदार पहिला : प्राध्यापक, सही. (परिच्छेद नाही.)

ठिकाण : दुकान, पुढचे बाक. दिनांक : नऊ मार्च, सोमवार.

साक्षीदार दुसरा : शिंपी, राहणार समोर. त्या स्फोटात पत्नी गमावलेला. कागद पूर्ण वाचला. भाचा असेच लिहिले आहे, ते पाहून सही केली.