टोपणनावाची नोंद

४ नोव्हेंबर

नवी प्रणाली आजपासून सुरू. पुस्तकाची नोंद केली की काम संपलं, हे दिवस गेले. इतकी वर्षं लेखक म्हणजे पुस्तकाच्या नोंदीतली एक ओळ होता. आता लेखकाचीच वेगळी नोंद करायची – जन्मसाल, भाषा, घेतलेली नावं, टाकलेली नावं. एका माणसाला एक क्रमांक, आणि तो सगळ्या ग्रंथालयांत तोच. आपण बटण दाबलं की नोंद सामायिक साठ्यात जाते, तिथून सगळीकडे.

जुना नियम बरा होता. पहिल्या पानावर जे नाव छापलंय ते उतरवा, त्यामागे कोण दडलंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही! आता त्यासाठी चौकटच आहे – ‘याच व्यक्तीची इतर नावं’. रिकामी राहिली की नोंद लाल. भरली की हिरवी.

साहेब म्हणाले, महिनाअखेर लाल दिसता कामा नये. त्यांना काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. पण खरं सांगते, मला मजा येतेय. लाल दिसलं की हात शिवशिवतात.

६ नोव्हेंबर

दिवसभर हिरवं, हिरवं, हिरवं. शेजारच्या टेबलावरच्या बाई अजून पहिल्याच कपाटाशी अडल्यात. मनातून बरं वाटलं. वाटायला नको होतं.

७ नोव्हेंबर

आज मावशी समोर आली! म्हणजे तिचं टोपणनाव. एकुलती एक कादंबरी, तीही कधीची. जन्मसाल – माहीत नाही. इतर नावं – माहीत नाही. लालभडक नोंद. आणि मला तर सगळंच माहीत. भरून टाकलं. खाली ‘माहितीचा आधार’ अशी एक चौकट असते, ती भरल्याशिवाय जतनच होत नाही. लिहिलं – ‘लेखिकेच्या नात्यातून’.

हिरवी झाली. पुढची नोंद उघडली.

८ नोव्हेंबर

काय करून बसले मी?

सकाळी दात घासताना एकदम लक्षात आलं. काल ते लिहिताना डोक्यात काहीच कसं आलं नाही! मी कॉलेजात असताना ती कादंबरी मावशीच्याच घरी वाचली होती. त्यातली बाई चार वर्षांच्या मुलाला सासरी सोडून दुसऱ्या शहरात जाते. खोली घेते, छापखान्यात काम करते. वर्षभर तिला मुलाची आठवणही येत नाही – उलट रात्री शांत झोप लागते. मग खोली हातची जाते, जायला दुसरी जागा नसते, म्हणून ती परत येते. मुलासाठी नाही. वाचून मी रडले होते. अशी आई असूच शकत नाही म्हणाले. मावशी इस्त्री करत होती. इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, ‘असते. मी आहे ना.’

आणि मग, ‘पोटात ठेव. त्याच्या कानावर कधी जाता कामा नये.’

तो म्हणजे दादा, तिचा मुलगा. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक की त्या वर्षी मावशी छातीच्या आजारानं दूरच्या दवाखान्यात होती. दादा तेच ऐकत मोठा झाला. आई मरणाच्या दारातून माझ्यासाठी परत आली, हे तो कुणालाही सांगतो. आता मावशी त्याच्याकडेच असते. नवऱ्यालासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही. आणि सांगितलं कुणाला – तर यंत्राला! कशासाठी? एक ठिपका हिरवा व्हावा म्हणून.

१० नोव्हेंबर

घरी फोनवर मावशीचं नाव टाकून बघितलं. सगळ्यांत वर चौकट आली. नाव, त्याखाली ‘लेखिका’, त्याखाली कादंबरी. इतक्या लवकर!

नवरा विचारत होता, तब्येत बरी नाही का. अॅसिडिटी म्हणाले.

११ नोव्हेंबर

आपल्या नोंदीतून काढलं. आपल्याकडे आता पुन्हा लाल. पण साठ्यात आहे तसंच, आणि ज्यांनी ज्यांनी तिथून उचललं त्यांच्याकडेही. बैल गेला अन् झोपा केला! साठ्याच्या लोकांना पत्र पाठवलं – नोंद चुकीची आहे, काढावी. ‘चुकीची’ लिहिताना बोट अडलं. चुकीची कुठे आहे? अगदी बरोबर आहे, तेच तर दुखणं.

१४ नोव्हेंबर

साठ्याचं उत्तर आलं. फार अदबीनं लिहिलंय. आपण स्वतःच दिलेला आधार विश्वासार्ह वाटतो, नुसत्या सांगण्यावरून काढता येणार नाही. एक तर त्या व्यक्तीची स्वतःची लेखी विनंती हवी, नाहीतर पती, पत्नी, मुलं यांपैकी कुणाची हरकत. हरकत आली तर ज्या ग्रंथालयानं नोंद केली त्याच्याकडे ती निर्णयाला येते.

म्हणजे मावशीला सांगायला हवं. भाची चालत नाही. भाची फक्त आग लावायला चालते.

१६ नोव्हेंबर

मावशीकडे जाऊन आले. सांगायलाच गेले होते.

दार दादानं उघडलं. पुढच्या खोलीत उन्हात मावशीची खुर्ची, खाली वर्तमानपत्र पसरलेलं. तो तिच्या पायाची नखं कापत होता. साठीला आलेला माणूस, गुडघे दुखतात, तरी जमिनीवर बसून. मावशी त्याला चिडवत होती, लहानपणी तुझी नखं कापायची म्हणजे चार माणसं लागायची. तो म्हणाला, ‘पण तू दवाखान्यातून आलीस तेव्हापासून मी हलतच नव्हतो, मला वाटायचं हललो तर परत जाशील.’ हसत हसतच म्हणाला. मावशी माझ्याकडे बघेना.

मी चहा प्यायले. दोनदा. दादा मला सोडायला जिन्यापर्यंत आला, काम कसं चाललंय विचारलं. चोराच्या मनात चांदणं! छान चाललंय म्हणाले आणि खाली पळाले.

सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर

साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. सर्वांत जास्त नोंदी पूर्ण. इतरांनी यांच्याकडून शिकावं म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांना दाखवायचं आहे, चौकटी कशा भरायच्या ते! शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मात्र एका लेखकाची चौकट मुद्दाम रिकामी ठेवलीय. का, म्हटलं. तर म्हणाल्या, ‘त्यानं नाव लपवलं ते काही उगाच नाही. आपण कोण उघडं करणारे?’

तोंडात मारल्यासारखं झालं. आणि या बाईंना मी मंद समजत होते.

२० नोव्हेंबर

सांगितलं. दादा कामाला गेलेला असताना दुपारी गेले. एका दमात बोलले, खाली बघून. रडू आलं तर मावशीला माझीच समजूत काढावी लागेल म्हणून रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडलेच.

मावशी म्हणाली, ‘इतकी वर्षं राहिलं ना तुझ्या पोटात. मग आत्ताच कसं गं सुटलं?’

चौकट रिकामी होती, म्हणाले. तिला काहीच कळलं नाही, आणि बरोबरच आहे. विनंतीचा कागद पुढे केला. तिनं वाचला. ‘यावर सही करायची म्हणजे, ते मीच लिहिलंय आणि मला ते लपवायचंय, असं लिहून द्यायचं?’ हो, म्हणाले. ठेव तिथे, बघते म्हणाली. दारापर्यंत आली नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

काही नाही. कामात लक्ष नाही. हिरवा रंग बघवत नाही.

२३ नोव्हेंबर

मावशीनं बोलावून घेतलं. दादा बाजारात गेला होता. मला वाटलं सही केली असेल. तर म्हणाली, ‘ते जिथे दिसतं ते मला दाखव.’

तिच्या फोनवर काढून दिलं. अक्षरं मोठी करून दिली. तिनं चष्मा पुसला आणि बघत बसली. तिचं नाव, खाली कादंबरी. बोटानं वर सरकवलं, खाली सरकवलं. मग म्हणाली, पुस्तक छापून आलं त्याच दिवशी तिनं हस्तलिखित जाळलं होतं. प्रकाशकही गेला, त्याचं दुकानही गेलं. पुस्तकावर तर टोपणनाव. म्हणजे तिनं ते लिहिलं याची खूण जगात कुठेच उरली नव्हती – फक्त मी. ‘चांगलं लिहिलं होतं ना गं मी?’ म्हणाली. लाजत विचारलं. पंच्याऐंशीची बाई!

चांगलंच लिहिलंय मावशी, म्हणाले. खरंच चांगलं आहे.

कागद तसाच पडला होता. चार दिवस राहू दे म्हणाली, मग काढू. पुन्हा कसं उघडायचं ते माझ्याकडून नीट शिकून घेतलं.

आज जरा श्वास घेता आला. पण दादा? तोही फोन वापरतो. त्यालाही कुणीतरी सांगेल. मावशी चार दिवस खूश राहील आणि पाचव्या दिवशी आगीत पडेल, तेही मी लावलेल्या!

२६ नोव्हेंबर

मावशीचा फोन. रोज सकाळी बघते म्हणाली. आणि तिनं ठरवलंय – रविवारी दादाला स्वतः सांगणार. ‘मी त्याच्यासाठी परत आले नव्हते, हे खरं आहे. पण नंतर त्याच्यासाठीच राहिले, हेही खरं आहे. ते दुसरं कुठे लिहिलंच नाही मी. पहिलं सांगितल्याशिवाय ते कसं सांगू?’

घाई करू नकोस म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

२८ नोव्हेंबर

हरकत आली. माझ्याच टेबलावर.

दादाची.

साठ्याकडून निर्णयासाठी पाठवलेली. तारीख बघितली – मी त्याला मावशीची नखं कापताना बघितलं, त्याच्या आदल्या दिवसाची! म्हणजे त्याला तेव्हाच कळलेलं होतं. जिन्यात माझ्या कामाची चौकशी करत होता तेव्हाही. लिहिलंय, ‘या दोन व्यक्ती वेगळ्या आहेत. त्या वर्षी माझी आई दवाखान्यात होती. मी तिला दर रविवारी भेटायला जात असे. ती असं काही लिहिणं शक्य नाही. कृपया तिचं नाव काढावं.’

नोंदीत त्या वर्षाचा कुठेच उल्लेख नाही. ‘त्या वर्षी’ हे कादंबरी वाचलेल्यालाच कळेल. दर रविवारी भेटायला कुठे जात असे? कुणी नेतच नव्हतं त्याला, लहान मुलांना आत सोडत नाहीत म्हणून सांगायचे. सगळं वाचलंय त्यानं. आणि वाचून खाली जमिनीवर बसून नखं कापलीत.

मला खूप रडू आलं, आणि त्याबरोबर – हे इथे लिहायलाच हवं – हायसंही वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला! नियमात बसतंय, मुलाची हरकत आहे, आधार परत घेणारी मीच. सगळं पूर्वीसारखं होईल. ‘वेगळ्या व्यक्ती’ या पर्यायावर खूण केली आणि मंजूर केलं. दोन दिवसांत सगळीकडून जाईल.

मावशीला आधी विचारायला हवं होतं का? पण मग दादाला माहीत आहे हे सांगावं लागलं असतं. दोघांच्या मध्ये मी कशाला पडू? आधीच काय कमी पडलेय? रविवारी काय ती सांगते, ऐन वेळी कचरेल. सोमवारी सांगेन, सावकाश.

२९ नोव्हेंबर

फोन हातात घेतला, खाली ठेवला.

१ डिसेंबर

मावशीचा फोन आला. काल जेवणं झाल्यावर तिनं दादाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, तिच्या पायांवर पांघरूण घातलं आणि म्हणाला, ‘आई, तू दवाखान्यात होतीस. पुस्तकबिस्तक काही नाही.’ तिनं दाखवायला फोन उघडला. नाव नव्हतं. आता तो तिला डॉक्टरकडे न्यायचं म्हणतोय, तिला भास होतात म्हणून.

‘तुला तरी माहीत आहे ना गं, ते मीच लिहिलंय?’

मागे दादाचा आवाज येत होता. मी म्हणाले, ‘मावशी, तू जरा आराम कर.’