बॉयलरचं तोंड

गोराझ्द,

बुटांसकट माझ्या दिवाणावर पसरला आहेस आणि तोंडाला असा वास येतोय की मांजरसुद्धा उठून गेली. सौदा झाला की दुकानदाराबरोबर प्यायची रीत मलाही ठाऊक आहे. पण आपल्यात आधी माल बघतात, मग हात मिळवतात, मग पितात. तू आधी प्यायलास.

तुझ्या खिशातला सौद्याचा बारीक अक्षरांतला कागद सूनबाईने मला वाचून दाखवला. घर तापवायला तू ठरवून आलास त्या बॉयलरच्या पोटात अर्ध्या मीटरचंच लाकूड मावतं. गोठ्यामागे रचलेली बीच झाडाची लाकडं मीटरभर लांब आहेत. तुझ्या बापाने शेवटच्या आजारपणात खोकत खोकत ती फोडली, दोन हिवाळे वाळली की घर उबदार राहील म्हणून. आता एकेक मधोमध कोण कापणार? तुझी पाठ तर कोंबडीचं अंडं उचलतानाही धरते.

दुधाच्या गाडीने मी दुकानात निघाले आहे. त्यातलंच एक लाकूड सोबत घेतलंय. ज्या बॉयलरच्या तोंडात ते अख्खं जाईल, तोच आपल्या तळघरात येईल. वाटेत नोटरीकडेही उतरेन आणि घर तुझ्या नावावर करायचे कागद तूर्त थांबवेन.

जवाची आमटी चुलीवर आहे. आधी दिवाण पूस, मग जेव.

निघताना तुझ्या कानाशी मोठ्याने बोलले, पण तू घोरत होतास, म्हणून लिहून ठेवते: “पोरा, बापाचं लाकूड ज्याला मोजावंसं वाटलं नाही, त्याच्या हातात मी बापाचं घर देणार नाही.”