सातवा रकाना

माराकेई, ६ फेब्रुवारी

ती. तेरेंगाताईस,
धाकट्या अकोयाची मौरी, आणि सा. न. वि. वि.

दुपारचं विमान टपाल घेऊन जातंय, म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. आम्ही सगळे खुशाल. कौरामामाचे डोळे मात्र आता अगदीच मंदावलेत. चांदण्या दिसत नाहीत म्हणतो, पण त्याचं काही अडत नाही. दुपारी मनेआबात, गावच्या सभेच्या त्या मोठ्या छपराखाली, चटईवर उताणा पडतो, डोळे मिटतो आणि छपराकडे बोट करून सांगतो, की आढं म्हणजे आभाळाचा मध्य, हा चौथा वासा, इथून नेई औसी, ती कृत्तिकांची जुडी, वर चढते. अकरा मुली त्याच्या दोन्ही बाजूंना तशाच उताण्या. बाहेर टळटळीत ऊन आणि आत सगळ्या आभाळात हिंडतायत. मामा थांबला की मी त्यांना उठवते आणि त्याच वाशांचे कोन मोजायला लावते. शाळेत गणिताला रडणाऱ्या पोरी इथे भांडून मोजतात गं.

आता कामाचं. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागलाय. मुलींना विज्ञान-गणित शिकवणाऱ्या आणि बायकांच्या लहान धंद्यांना हात देणाऱ्या गावांना मदतनिधी मिळणार आहे. आपल्याकडे दोन्ही आहे! बायका माडाची काकवी आटवतात, पण कधी पाणी राहतं आणि बाटली आंबून फुटते, कधी करपते. उष्णतामापी हवेत, चांगल्या बाटल्या हव्यात, तारावाच्या दुकानदारांशी कसं बोलायचं ते शिकवणारं कुणी हवं. आटवणीची मोजमापं मुलीच करतील.

पण मामा सही करत नाही. म्हणतो, ही तर बुबुसी झाली. आपल्या माणसापुढे बसून मागितलं की त्याला नाही म्हणता येत नाही हे खरं, पण मग उद्या तोही आपल्याकडे मागणार, आणि आपल्यालाही नाही म्हणता येणार नाही. हे निधीवाले कोण, कुणाची नातवंडं, उद्या त्यांनी हे छप्परच मागितलं तर काय करायचं, असं विचारतो. काय सांगू त्याला?

ताई, अर्ज तू भर. तुला त्यांची भाषा येते, आणि इथे इंटरनेट कधी येतं कधी जातं. ही माझी तुला बुबुसी. निधी मिळाला नाही तर तुझ्या मनासारखं होईल, जुलैत मी तुझ्याकडे कामाला येईन. मामा किती दिवसांचा सोबती, आणि साधनं नसतील तर मी एकटी इथे राहून काय दिवे लावणार आहे?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
अकोया


टुवूम्बा, २७ फेब्रुवारी

चि. अकोयास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. किती लबाड आहेस तू! नुसतं “ताई, भरशील का” म्हटलं असतंस तर मी दहा कारणं सांगितली असती. बुबुसी म्हणून पाठवलंस, आता मी काय बोलणार? लहानपणी माझी केवड्याची टोपली अशीच उपटली होतीस.

खरं सांगू? अर्ज उघडला आणि पहिला विचार आला की असा भरावा की नामंजूरच व्हावा. मग बस तिकडे रडत आणि ये इकडे. आठ वर्षं झाली मला इथे ऑस्ट्रेलियात. म्हाताऱ्यांच्या या निवासात सगळी माझ्यावर जीव टाकतात, पण आपल्या भाषेत मला ओरडणारं कुणी नाही. तुझ्यासाठी मागची खोली रंगवून ठेवलीय. आमच्या मुख्य बाईंनी तुझी जागा जुलै अखेरपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलंय. तुझा कामाचा कागद तुझ्याकडे आहेच, सही तेवढी कर. इथे डोंगरावर सकाळी धुकं येतं, आणि बसमध्ये डोळे मिटले की ते धुकं मला खाजणासारखं वाटतं. मग स्टॉप चुकतो आणि मी चालत परत येते.

असो. मामाला सांग, हे लोक छप्पर मागत नाहीत, वर्षाअखेर फक्त अहवाल मागतात. काय केलं, किती मुली शिकल्या, एवढं कागदावर लिहून द्यायचं. आणि मला ताबडतोब कळव: आजघडीला साधनं काय आहेत, मुली किती, बायका किती. “उपलब्ध साधने” असा मोठा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवलेला त्यांना चालत नाही.

नीट जेवत जा. मामाला माझी मौरी.
तुझी,
ताई


माराकेई, २४ मार्च

ती. ताईस,
मौरी आणि सा. न. वि. वि.

मामाने सही केली! ते फक्त कागद मागतात म्हटल्यावर त्याने मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, बिचारे फार गरीब दिसतात, परत मागायला त्यांना काहीच सुचत नाही. त्यांना अहवालासोबत सुके मासेही पाठवू म्हणतोय. तू त्याला समजाव, मी थकले.

उपलब्ध साधने: एक छप्पर. हे मामाने सांगितलंय आणि शब्द बदलायचा नाही अशी ताकीद दिलीय. शिवाय दोन कोनमापक, एक फुटलेली मोजपट्टी आणि काकवीची तीन मोठी पातेली. मुली अकरा, बायका नऊ.

असं मी परवा लिहिलं होतं. आता खोडायला हवं, कारण मुली तेवीस झाल्यात. झालं असं, की तुला पंचायतीच्या रेडिओफोनवर बोलवून हेच सगळं सांगितलं, “अर्ज आजच पाठवते” हे तुझ्या तोंडून ऐकलं आणि मी येऊन मनेआबात सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावाने आभाराची मेजवानी ठरवली. दोन डुकरं कापली, निधीवाल्यांच्या नावाने नाच झाला, आणि त्यांचं ऑफिस नक्की कुठे ते कुणालाच माहीत नसल्याने चारही दिशांना तोंड करून गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुरुषांनी छपराची अख्खी पूर्वेची बाजू नव्या केवड्याने शाकारली. शेजारच्या गावातून बाराजणी आल्या, त्यांना कसं परत पाठवणार? मागून झालं आहे, म्हणजे मिळालंच की.

त्या शाकारलेल्या बाजूचा वास आहे ना ताई, ओल्या पानाचा, तो वर्गभर असतो. सगळ्यात धाकटी नेई तौबा काल मला विचारत होती, की मामाच्या मिटलेल्या डोळ्यांत पण इतकेच वासे आहेत का. मी हो म्हटलं.

काही चुकलं असेल तर रागावू नकोस. उत्तराची वाट बघते.
तुझी,
अकोया


टुवूम्बा, १५ एप्रिल

चि. अकोयास,
आशीर्वाद, आणि कान पकडून दोन चापट्या.

अगं बाई, ते नाही म्हणू शकतात! हे मी कसं सांगू तुम्हाला? शेकडो गावं मागतात आणि ते निम्म्याहून जास्त लोकांना एका ओळीत नाही कळवतात, आणि त्याच रात्री त्यांना छान झोपही लागते. तुम्ही डुकरं कापून बसलात. नाही आलं तर त्या तेवीस मुलींना काय सांगशील? मामाला काय सांगशील? त्याच्या समजुतीने ज्याने बुबुसी मोडली त्याचं तोंड कुणी बघत नाही.

त्यांच्याकडून मेलने शंका आल्यात. शुक्रवारपर्यंत उत्तरं हवी होती आणि तुमचं विमान मंगळवारी, रेडिओफोनही लागेना, म्हणून तुला विचारता आलं नाही. पहिली शंका अर्थातच छपराची. “एक छप्पर” ही छपाईची चूक आहे का, असं नम्रपणे विचारलंय. मी लांबी-रुंदी लिहिली, वाशांची संख्या लिहिली, आणि लिहिलं की याच वाशांवर शिकून आमचे पणजोबा होडीतून बेटाबेटांवर जाऊन परत यायचे. हे लिहिताना मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना चौथा वासाही समजावून सांगितला. मला तो आठवत होता गं! लहानपणी मामाच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचे तेव्हाचा.

बाकीचे रकाने सोपे होते. सातवा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत धुलाईच्या खोलीत बसले होते, यंत्रं गुरगुरत होती, आणि त्या एका रकान्यापुढे माझी सुट्टी संपली, चहा गार झाला, तरी उठता येईना. शेवटी एका दमात लिहिलं आणि पाठवून दिलं. काय लिहिलं ते विचारू नकोस.

इथे थंडी सुरू झालीय. मागच्या खोलीत तुझ्यासाठी जाड पांघरूण आणून ठेवलंय. ठेवून तर ठेवलंय.

स्वतःला जप. तुझ्यावर रागावलेली, पण फार नाही,
ताई


माराकेई, ३ जून

ती. ताईस,
मौरी, सा. न. वि. वि.

मिळालं! बातमी तुला आमच्या आधी कळली असणार, तरी माझ्या हाताने लिहिते: मिळालं. पंचायतीचा कारकून कागद घेऊन मनेआबात आला. कुणी उड्या मारल्या नाहीत, कारण गावाच्या हिशेबी ते मार्चमध्येच मिळालेलं होतं. एका म्हातारीने तर इतका उशीर का झाला म्हणून कारकुनालाच झापलं. मी मात्र खांबाला टेकून रडले.

मग मामाने सांगितलं, की आपल्या नावाने काय काय बोललं गेलंय ते सगळं वाचून दाखव. कारकून एकेक रकाना आपल्या भाषेत सांगत गेला. छपराचं आलं तेव्हा माणसं वर बघून हसली. आणि मग सातवा आला. शिक्षिका बेट सोडून गेल्यास योजनेचे काय होईल? त्याखाली तुझं उत्तर: “ती जाणार नाही. मी तिची थोरली बहीण आहे आणि हे मी जबाबदारीने लिहीत आहे.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तू पाठवलेला टुवूम्बाच्या कामाचा कागद माझ्या पेटीत आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे.

ताई, हे तू कसं लिहिलंस? खोली रंगवून, पांघरूण आणून, हे कसं लिहिलंस? मामाने सगळं ऐकलं आणि चटईवर हात आपटून म्हणाला, “अकोयाने मागितलं आणि तेरेंगाने दिलं. आता मागायची पाळी तेरेंगाची आहे. ती जे मागेल ते तुला द्यावं लागेल.” सगळ्यांसमोर म्हणाला. त्यामुळे आता ते पक्कं आहे.

तू काय मागशील ते मला माहीत आहे. आठ वर्षं तू एकच गोष्ट मागत आलीयस, फक्त बुबुसी म्हणून कधी मागितली नाहीस. आता माग. मी कागदावर सही करून ठेवलीय, तारीख तेवढी घालायची बाकी आहे. मुलींना मी जुलैपर्यंत जेवढं होईल तेवढं शिकवीन, काकवीचे उष्णतामापी आले की बायकांना वाचायला शिकवीन, आणि येईन. निधीवाल्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी खोटं बोलत नाही, मला इथून हलवत नाही आहे. काल चौथ्या वाशाखाली एकटीच जाऊन पडले आणि उठावंसंच वाटेना. पण तू तिथे आठ वर्षं एकटी आहेस, आणि तुला नाही म्हणणारी मी कोण?

तुझ्या मागण्याची वाट बघणारी,
अकोया


टुवूम्बा, २० जून

चि. अकोयास,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस एप्रनच्या खिशात होतं. कामात असताना मध्येच हात लावून बघायचे. रोज उत्तर लिहायला बसत होते, आणि रोज तू ओळखलंस तेच लिहीत होते: ये. एकच शब्द लागतो. एक पत्र तर पाकिटात घालून टपालपेटीपर्यंत नेलं आणि बाहेर उभी राहिले. धुकं इतकं होतं की रस्त्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाटलं, हे विरलं की तू तिथे उभी असशील, छत्री न आणता, मला हसत. मग बस आली आणि पत्र हातातच राहिलं.

हो, मी एकटी आहे. हे तुझ्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. आणि हो, सातव्या रकान्यात लिहिताना मला माहीत नव्हतं की ते खरं होईल की नाही. तू काय ठरवशील ते मला कसं कळणार? मला फक्त एवढं माहीत होतं की ते खरं असायला हवं. मामाच्या मिटलेल्या डोळ्यांतलं आभाळ त्याच्यानंतर फक्त तुला येतं, आणि तुझ्यानंतर त्या तेवीस जणींना येईल. तू इथे आलीस तर माझ्याजवळ तू असशील आणि ते कुणाजवळच नसेल. माझी बहीण म्हणून तू जन्मभर मनातल्या मनात मला दोष देशील, आणि मी तुला रोज चहा करून देईन. तसं मला जमणार नाही.

मामा बरोबर म्हणाला, पाळी माझी आहे. तू म्हणतेस तशी मी मागते. गावासमोर वाचून दाखव, मामाच्या अगदी कानाशी बसून, म्हणजे पुढे तुला फिरता येणार नाही.

अकोया, मी तेरेंगा, तुझी थोरली बहीण, तुझ्याकडे ही बुबुसी करते: तू येऊ नकोस. तो कागद फाड, आणि तिथेच राहा.

आता नाही म्हण बघू.

तुझी आणि तुझीच,
ताई