मेंढरांचा मिठाचा दगड

मंगळवार, लासुर्णे. दिवेलागणीची वेळ.

आज आबांचा रक्ताचा रिपोर्ट आला. मीठ फार कमी झालंय; बीपीच्या गोळीनं लघवीवाटे निघून जात होतं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मीठ घटलं की मेंदूच ते मागायला लावतो, ती जिभेची हाव नव्हे. गोळी बदलून दिली.

आणि मी? बीपी असून सारखं मीठ मागतात म्हणून महिनाभर वडिलांवर डाफरत होतो. मिठाची बरणी लपवली. परवा ते लोणच्याची फोड चोखताना दिसले, तर तीही हातातून हिसकावली.

घरी आल्यावर दारातल्या सपाट दगडावर बसून राहिलो. मेंढरं होती तेव्हा एखादी भिंतीची माती चाटायला लागली की मी काठी उगारायचो. आबा म्हणायचे, "मारू नगं रं, तिला मीठ पायजे." मग याच दगडावर खडेमीठ टाकायचे आणि सगळा कळप पळत यायचा. चाटून चाटून दगड गुळगुळीत झालाय.

हे मला ठाऊक नव्हतं का?

जेवताना डॉक्टरांनी सांगितलं तेवढं मीठ आबांच्या ताटात वाढलं. ते दगडाकडं बघत म्हणाले, "मेंढरास्नी मागावं लागत नव्हतं."