बाम्बर्गच का?

बाम्बर्ग, ११ ऑक्टोबर

लाडक्या डोरीनला लोइसकडून खूप प्रेम,

आम्ही सुखरूप आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? तुम्हीही युरोपला यायचं म्हणताय, म्हणून सांगते. पाच दिवसांसाठी एकच गाव धरा, एकेक छोटी बॅग घ्या आणि पोचाल त्या दिवशी दुपारी झोपू नका. हे सगळं वेननं ठरवलं होतं आणि ते बरोबर निघालं.

पण गाव बाम्बर्गच का, हे मला पहिल्यापासून खटकत होतं. मी पॅरिस म्हटलं की तो म्हणायचा, "तिथं फार गर्दी असते." इथं आल्यावर तो नकाशाशिवाय गल्ल्यांतून चालायला लागला. सैन्यात असताना तो जर्मनीत होता हे ठाऊक होतं, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही या गावाचं नाव त्यानं कधी काढलं नव्हतं.

काल "रेल्वेची तिकिटं काढून येतो" म्हणून निघाला आणि स्टेशनच्या उलट दिशेला वळला. मी मागोमाग गेले. एका दारात पंचेचाळिशीची बाई त्याच्याशी बोलत उभी होती. हनुवटी हुबेहूब वेनची, डोरीन.

मला पाहून तो म्हणाला, "लोइस, ही माझी मुलगी, हाइके. जानेवारीत तिचं पत्र आलं, तेव्हाच मला कळलं. घरी सांगायचा धीर झाला नाही."

"म्हणजे तिकिटांची थापच होती," मी म्हणाले.

हाइकेनं आत बोलावून केक दिला. ती तो कापत असताना बशी मीच धरली.

वेनशी मी अजून बोललेले नाही. उद्या मात्र आम्ही तिघं जेवायला जाणार आहोत. आईला एवढ्यात सांगू नकोस.

तुझीच,
लोइस