सलग सत्तावीस अंश

१ मार्च
निश्चय: यापुढे प्रत्येक सर्व्हिससाठी नव्याने कोड लिहिणार नाही. जावास्क्रिप्टमध्ये एकच रॅपर लिहायचा, मधला दुभाषाच म्हणा. हवामान असो, नकाशा असो, समोरच्याशी बोलायचं काम त्याचं. एकदा लिहा, जन्मभर वापरा. टीम लीडने विचारलं, किती दिवस लागतील. म्हटलं, दोन.

१९ मार्च
रॅपर जवळजवळ तयार. कुठल्याही एपीआयला, म्हणजे कंपन्या माहिती देतात त्या खिडकीला, चालेल. सध्या एकालाच चालतो, हवामानाच्या. ऑफिसात कुणी हात लावेना. टीम लीड म्हणे, आमचं आहे तेच बरं. गाढवाला गुळाची चव काय!

२० मार्च
घरीच लाँच. बायकोने गच्चीवर शाळेच्या बागेसाठी चारशे रोपं केली आहेत. तिची पहिली मोठी ऑर्डर, तीस तारखेला न्यायला येणार. सारखी आभाळ बघत असते. तिला ॲप करून दिलं: गारा येणार असल्या की फोन वाजेल, मग प्लास्टिक टाकायचं. आता आभाळ बघायचं नाही, असं बजावलं. तिने विचारलं, नक्की ना? मी दुखावलो.

२१ मार्च
सुधारणा. समोरून एरर आली तर रॅपर आता आधीचं शेवटचं चांगलं उत्तरच पुन्हा दाखवतो. घरच्या माणसाला एरर कशाला दाखवायची? शिवाय हवामान कंपनीचे मेल फार येतात. 'महत्त्वाचे', 'अतिमहत्त्वाचे'. सगळे थेट कचऱ्यात जातील असं केलं.

२५ मार्च
सलग चार दिवस २७ अंश, ऊन. एकही एरर नाही. दृष्ट न लागो.

२७ मार्च
ऑफिसातून येताना चिंब भिजलो. ॲप: २७, ऊन. आभाळ उशिरा अपडेट होत असावं. बायकोने विचारलं, प्लास्टिक टाकून ठेवू का? म्हटलं, विश्वास माझ्यावर आहे की ढगांवर? नाही टाकलं तिने.

२८ मार्च, दुपारी ४
गारा. बोराएवढ्या.

संध्याकाळी
विश्वासघात! कंपनीने जुना एपीआय २२ तारखेलाच बंद केला. कचऱ्यात अकरा मेल सापडले. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, अकरा मेल कशाला? एक फोन करता येत नव्हता?
तीनशे साठ रोपं गेली. बायको गच्चीवर बसून एकेक पिशवी रिकामी करत होती. म्हटलं, फसवलं गं आपल्याला त्यांनी. ती म्हणाली, त्यांनी?

३० मार्च
शाळेच्या बाई आल्या, चाळीस रोपं घेऊन गेल्या. बायको त्यांना म्हणाली, चूक माझीच, मी आभाळ बघायचं सोडलं. मी मागेच उभा होतो. बोलायला हवं होतं. पाणी आणायला आत गेलो.

२ एप्रिल
बाईंनी महिनाभर मुदत दिली. नवीन बी पेरलं. नवी व्यवस्था: बायको आभाळ बघणार, हाक मारणार, मी वर जाऊन प्लास्टिक टाकणार. निश्चय: यात कसूर नाही.

५ एप्रिल, दुपारी
हाक आली. नव्या रॅपरचा आराखडा ऐन रंगात होता. 'टाकलं' म्हणून आतूनच ओरडलो. टाकणारच होतो. पाच मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली, वर प्लास्टिक सळसळलं. खाली आल्यावर ती एवढंच म्हणाली, मला वाटलंच होतं.

६ एप्रिल
दिवसभर ढग. चारदा खिडकीपाशी जाऊन आलो. हाक आली नाही.